पहिली गाडी: जुनी, स्वस्त आणि आपल्या पैशांची

घाटमाथा

नमस्कार मंडळी. गाड्यांवर इथे धागे पुष्कळ निघतात, पण बहुतेक नव्या गाड्यांचे. मायलेज किती, एअरबॅग किती, हप्ता किती बसतो. मला वेगळ्या गाड्यांबद्दल ऐकायचंय. पहिल्या पगारातून, शिकवणीच्या पैशांतून, भिशी लागल्यावर घेतलेली तुमची पहिली गाडी. दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असेल तर फारच उत्तम. वडिलांची किंवा काकांची गाडी इथे नको, त्यावर वेगळा धागा काढू.

सुरुवात मी करतो. साल १९९१. आयटीआय झाल्यावर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर कामाला होतो. शेजारच्या पेंटरच्या शेडमध्ये एक येझदी उभी असायची. अडीचशे सीसी, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, नंबर जुना, तीन अक्षरी. टाकीचा मूळ रंग कोणता हे पेंटरलाही सांगता येत नव्हतं. साडेपाच हजाराला सौदा ठरला, निम्मे रोख आणि निम्मे पगार होईल तसे.

ज्यांनी येझदी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर, डाव्या पायाला. दांडा आत दाबून उभा केला की किक, पुढे पाडला की गिअर. नवखा माणूस बसला की किक कुठे आहे हेच शोधत राहायचा. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने आधी जावा काढली, मग १९७३ पासून येझदी, आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. म्हणजे मी घेतली तेव्हा तिचे दिवस सरत आले होते. सगळीकडे हिरो होंडा दिसायला लागली होती, म्हणून तर ती मला परवडली.

पहिल्याच रविवारी आमच्या मिस्त्रींनी गाडी कारखान्यात आणायला सांगितली. फरशीवर 'पुढारी' अंथरला, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उतरवला आणि एकेक भाग उतरवला त्याच क्रमाने कागदावर मांडत गेले. फ्लोट, सुई, जेट (ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल जातं तो). जेट उजेडाकडे धरून म्हणाले, "ह्याच्यात तार कधी घालायची न्हाई. भोक मोठं हुतंय आणि मग गाडी नुसतं प्येट्रोल पिती. पेट्रोलात बुडवायचं आणि फुंकायचं." मी फुंकलं. पलीकडे उजेडाचा बारीक ठिपका दिसला. लेथवर मापात काम करायची सवय होती, पण एवढ्याशा भोकावर अख्खी गाडी चालते हे त्या दिवशी समजलं.

त्या येझदीने मला करूळ घाटातून मालवणला नेलं, भर पावसात आंबोलीला नेलं, जोतिबाला तर किती वेळा. नवी गाडी असती तर ती शोरूमला नेऊन लावली असती आणि चावी परत घेतली असती. स्वस्तातली होती, पोटाला चिमटा काढून पार्ट आणावे लागायचे, म्हणून ती आतून बाहेरून माहीत झाली. तुमचं सांगा.

मिरजकरीण

घाटमाथा दादा, तुमच्या अडीचशे सीसीपुढे माझी पन्नास सीसी. पण मला ती तेवढीच मोठी होती.

१९८८. मिरजेत दवाखान्यात नर्स म्हणून लागले, राहायला सांगलीत. अंतर काही फार नाही, पण रात्रपाळी संपल्यावर पहाटे बसस्टॉपवर एकटीनं उभं राहणं नकोसं व्हायचं. आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरची बदली झाली आणि तिनं तिची लुना मला अठराशेला दिली, दोन महिन्यांत फेडायच्या बोलीवर. घरात आईचा विरोध, आजीचा पाठिंबा. आजी म्हणाली, सायकल चालवतीस ना, मग ही चालवायला काय अवघड.

आणि खरंच तसंच होतं. लुनाला पायडल. स्टँडवर घेऊन पायडल मारायचं, इंजिन धरलं की निघायचं. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी रेटत घरी आणायची, दम लागायचा पण कोणाला हाक मारावी लागायची नाही. कायनेटिक म्हणून कंपनी पुण्याची, १९७२ ला त्यांनी ही बाजारात आणली. पंपावर आधी मापात ऑईल घालायचं, मग पेट्रोल, मग गाडी दोन्ही बाजूंना हलवायची म्हणजे नीट मिसळतं. पंपावरचा पोरगा ऑईल कमी घालतोय का याच्यावर माझं बारीक लक्ष असायचं.

पुढच्या मोकळ्या जागेत काय काय नेलं! दळणाचा डबा, गॅसची टाकी, एकदा भावाचं लग्न ठरलं तेव्हा अख्खं केळीचं घड. विश्रामबागला बायका वळून बघायच्या. वर्षभरात आमच्या दवाखान्यातल्या अजून दोघींनी लुना घेतल्या, त्यातल्या एकीला मीच शिकवली, रविवारी कॉलेजच्या ग्राउंडवर. पहाटेच्या पाळीला आम्ही तिघी बरोबर निघायचो. माझ्या पगारातून घेतलेली पहिली मोठी वस्तू ती, सोन्याच्या आधीची. म्हणून मला तिचं मोल आजही जास्त वाटतं.

घाटमाथा

ताई, फार सुंदर लिहिलंत. आजींना नमस्कार.

 

शाळामास्तर

चेतकशिवाय हा धागा कसा पुरा होईल?

मी जुन्नर तालुक्यात प्राथमिक शाळेवर होतो. १९९४ ला बँकेतून निवृत्त होणाऱ्या एका गृहस्थांची चेतक घेतली. त्यांनी ती नवी घेतली तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली होती. आजच्या पोरांना खरं वाटत नाही, पण सत्तर-ऐंशीच्या दशकात स्कूटर बुक करायची आणि विसरून जायचं. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तरच लवकर मिळायची. मुलीच्या लग्नात जावयाला स्कूटर द्यायची म्हणून ती लहान असतानाच नंबर लावणारी माणसं होती. अशी वाट बघून मिळालेली स्कूटर विकताना त्या गृहस्थांना जड गेलं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, चावी दिली आणि मग परत बोलावून सीटखालची टूलकिट दाखवली. प्लगचा पाना, स्क्रूड्रायव्हर, एक जुनं पण साफ केलेलं प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा, फडकं. सगळं कापडी पिशवीत बांधलेलं. म्हणाले, "प्लगवर कार्बन धरला की घाबरायचं नाही, घासायचं आणि बसवायचं."

चेतकची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे स्टेपनी. पुढचं, मागचं आणि स्टेपनीचं चाक एकच, दहा इंची. नट काढायचे, चाक बदलायचं, निघायचं. आमच्याकडे आळेफाट्याच्या पुढे संध्याकाळनंतर पंक्चरवाला कुठला? मोटारसायकलवाले गाडी ढकलत जायचे, आम्ही रस्त्याकडेला दहा मिनिटांत मोकळे. माझा मुलगा पुढे उभा, बायको मागे बसलेली, धाकटी तिच्या मांडीवर, पायाशी बाजाराची पिशवी. जुन्नर ते ओतूर अशी वरात कितीदा निघाली असेल.

सकाळी थंडीत गाडी वाकवून पेट्रोल उतरवायचं, चोक ओढायचा, दोन किका बंद चावीवर आणि तिसरी चावी लावून. हा क्रम मुलाला बोलता यायच्या आधी हाताने करून दाखवता यायचा.

पेडणेकार

मस्त धागा. आमच्या गोव्यात दोन चाकांवर घरं चालली. मोटारसायकलवर भाडं मारणाऱ्यांना आम्ही पायलट म्हणतो, पिवळ्या-काळ्या रंगाची गाडी, आणि हा रीतसर परवान्याचा धंदा आहे. मी पहिली मोटारसायकल अशाच एका पायलटकडून घेतली. रंग बदलावा लागला, कागदावर धंद्याची गाडी घरगुती करून घ्यावी लागली, पण इंजिन असं राखलेलं की बघत राहावं. रोजचं पोट तिच्यावर असलेला माणूस गाडीची हयगय करत नाही. केरीहून फेरीबोटीत घालून तेरेखोलला आणि तिथून रेडीच्या गणपतीला, हा आमचा रविवार.

कल्याणलोकल

मोटारसायकलवाल्यांच्या गर्दीत एक चारचाकी घुसवतो.

१९९८ च्या आसपास सँट्रो, मॅटिझ, इंडिका अशा गाड्यांनी बाजार ढवळून निघाला आणि पद्मिनीचे भाव एकदम खाली आले. त्याचा फायदा माझ्यासारख्यांना झाला. तोवर कार ही आपल्या ऐपतीची गोष्टच नव्हती. मी आणि धाकट्या भावाने मिळून पस्तीस हजाराला पांढरी पद्मिनी घेतली. आमच्या चाळीत आलेली ती पहिली कार. नारळ फोडायला खालचे वरचे सगळे आले होते.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. त्यामुळे पुढची सीट सलग, तिघं आरामात बसायचे. पत्रा असा की टिचकी मारली तर बोट दुखावं. (त्याच्या आधीच्या, गोल पाठीच्या फियाटला लोक डुक्कर फियाट म्हणायचे. आमच्या गल्लीत एका डॉक्टरांकडे होती, आणि ती दिसली की कोणाकडे तरी आजारपण आहे हे कळायचं.)

खरी मजा बोरघाटात. तेव्हा द्रुतगती मार्गाचं काम चालू होतं, आम्ही जुन्याच रस्त्याने. खोपोली सोडली की सगळ्यांचं लक्ष तापमानाच्या काट्यावर. जुनी गाडी, भरलेली माणसं आणि मे महिना, घाटात थांबावं लागणारच हे धरूनच निघायचो. डिकीत पाण्याचा कॅन आणि एक जाड फडकं. गाडी तापून बंद पडली की बॉनेट उघडायचं, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, वाफ तोंडावर येते. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही, म्हणून ओलं फडकं पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायचं आणि थांबायचं. मग आई डबा उघडायची. दशम्या, चटणी, कांदा. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकून पुढे. माझ्या भाचीला आजही लोणावळा म्हटलं की चिक्कीच्या आधी घाटातला तो डबा आठवतो.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा बातमी वाचून मी भावाला फोन केला. तो आधीच वाचून बसला होता.

निळीशाई

सगळं मनापासून आवडलं, पण एक बाजू मांडतो, रागावू नका.

माझी पहिली गाडीही टू स्ट्रोकच होती, म्हणजे पेट्रोलाबरोबर ऑईलही जाळणारी, १९९५ ला घेतलेली जुनी यामाहा आरएक्स १००. अठ्ठ्याण्णव सीसी आणि उचल अशी की दीडशेच्या गाड्या मागे पडायच्या. तिचा आवाज आजही दोन गल्ल्या पलीकडून ओळखतो. पण त्याच वयात आम्ही कोणी हेल्मेट घातलं नाही, आणि माझा जवळचा मित्र नगर रोडला खडीवरून घसरून गेला. तेव्हापासून माझ्या मनात त्या दिवसांच्या आनंदाशेजारी तोही आहे. ऑईल जाळणाऱ्या इंजिनांचा धूरही शहरांनी भरपूर गिळला. सिग्नलला उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. १ एप्रिल २००० पासून देशभर धुराचे नवे नियम आले आणि हळूहळू टू स्ट्रोक मोटारसायकली गेल्या. ते योग्यच झालं असं मला वाटतं.

नंतर मी हिरो होंडाची सीडी १०० घेतली, १९८५ पासून मिळणारी चार स्ट्रोकची. पेट्रोलात ऑईल मिसळायची भानगड नाही, टाकी भरली की विसरून जा. ज्या माणसाला गाडी फक्त कामावर जायला हवी होती, त्याचे महिन्याचे पैसे तिने वाचवले. तिच्या आठवणी कोणी लिहीत नाही कारण ती बंदच पडायची नाही. पण मला वाटतं तिचाही मान या धाग्यात असावा.

घाटमाथा

रागावायचं कशाला. तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं. हेल्मेटचं शंभर टक्के खरं, मी आज येझदीवर बसलो तरी पहिलं हेल्मेट डोक्यात जातं. आणि धुराचंही मान्य. मला ती इंजिनं परत रस्त्यावर यायला नकोत. मला पाहिजे ती त्या फरशीवरच्या कागदाची गोष्ट, म्हणजे उघडून बघता येणं. आजच्या गाडीत बिघाड झाला की स्कॅनर लावतात आणि आख्खा भाग बदलतात. वीस वर्षांच्या पोराने रविवारी काय उघडायचं?

मिशिगनवासी

उघडायचं, बदलायचं तर गरजेपोटी आम्हीही शिकलो, जरा लांब.

१९९६, मिशिगनमध्ये एमएस करत होतो. शिक्षण संपवून निघालेल्या एका देशी मुलाकडून आम्ही चौघांनी मिळून ऐंशीच्या दशकातली टोयोटा कोरोला घेतली. चौघांच्या वाट्याला प्रत्येकी दोनशे डॉलर आले, आणि ते जमवायला प्रयोगशाळेतले सगळे जादा तास घेतले होते. ती आधी तिसऱ्या-चौथ्या भारतीय मुलाच्या हातातून आलेली. पुढे आमच्याकडून हैदराबादच्या एका मुलीकडे गेली.

तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा पत्रा खातं. आमच्या कोरोलाच्या मागच्या पायाखाली एवढं भोक पडलं होतं की रस्ता दिसायचा. आमच्यातला एक साताऱ्याचा, घरी पत्र्याचं काम असलेला. त्याने कॉफीच्या मोठ्या डब्याचा पत्रा कापला, रिव्हेट मारले, वर डांबराचा थर दिला. विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये उणे तापमानात हातमोजे काढून हे काम चाललं होतं आणि आम्ही तिघं आळीपाळीने टॉर्च धरत होतो. ब्रेक पॅड, बेल्ट, ऑईल, सगळं ग्रंथालयातल्या दुरुस्तीच्या पुस्तकावरून शिकलो. मेकॅनिकचा तासाचा दर आम्हाला परवडणारच नव्हता.

दर दोन आठवड्यांनी तीच गाडी घेऊन देशी दुकानात जायचं, तूरडाळ आणि पोहे आणायचे. गणपतीला महाराष्ट्र मंडळात आरतीला पोचायचो तेही तिच्यातूनच, मांडीवर मोदकांचं पातेलं धरून. त्या चौघांपैकी आज तिघांचे देश वेगळे आहेत, ग्रुप मात्र एकच, आणि ग्रुपचा फोटो कोरोलाचा.

बार्शीचापाव्हणा

धागा वाचून राहवलं नाही, म्हणून आयडी काढला. माझं वय सव्वीस आहे, त्यामुळे आठवण नाही, प्रश्न आहे.

वडील गेल्या वर्षी गेले. त्यांनी तरुणपणी दुधाच्या धंद्यासाठी जुनी राजदूत घेतली होती, त्यांच्या कमाईची पहिली गाडी. दोन्ही बाजूंना कॅन लावून बार्शीत दूध घालायचे. १५ वर्षांपासून ती गोठ्याच्या कडेला झाकून ठेवलेली आहे. किक हलत नाही. भंगारवाला येऊन भाव करून गेला, मी नाही म्हणालो. मला ती चालू करायची आहे. कुठून सुरू करू? कागदपत्रं वडिलांच्याच नावावर आहेत.

दहाअकरा

पाव्हण्या, आधी एक काम कर, किकवर उभं राहू नको. जोर लावून पिस्टन हलवायला गेलास तर रिंगा तुटतील आणि सिलिंडरवर ओरखडे पडतील. मी नगरला तीस वर्षं गॅरेज चालवतो, अशा गाड्या बऱ्याच उठवल्यात. राजदूत १७३ सीसीची, साधी गाडी आहे, एक सिलिंडर, दोन स्ट्रोक. तुला जमेल.

प्लग काढ. त्या भोकातून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑईल मिसळून थोडं सोड आणि दोन-तीन दिवस तसंच राहू दे. रोज थोडं वाढव. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढेमागे हलव, हळू. एक दिवस पिस्टन सुटेल. सुटला की लगेच चालू करायच्या मागे लागू नको.

टाकी उतरव आणि आतलं जुनं पेट्रोल काढून टाक. एवढ्या वर्षांत आतून गंज धरलाच असेल. मूठभर छोटे नट आत टाकून टाकी जोरात हलवायची, मग पेट्रोलने धुवायची, पेट्रोल स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. हे टाळलंस तर तो गंज कार्बोरेटरमध्ये जाईल. कार्बोरेटरचं घाटमाथा साहेबांच्या मिस्त्रींनी सांगितलंय तेच, जेटमध्ये तार नाही. गिअर ऑईल बदल. पॉईंटवर (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कावर) गंज असेल, पॉलिश पेपरने घासून मध्ये व्हिजिटिंग कार्ड अलगद जाईल एवढं अंतर ठेव. प्लगला ठिणगी येते का बघ, निळसर असली पाहिजे.

चालू झाली आणि थोडी चालवलीस की प्लग पुन्हा उघड. टोकाचा रंग विटकरी-तपकिरी असेल तर पेट्रोल-हवेचं मिश्रण बरोबर. काळं ओलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर हवा जास्त, तसं चालवू नको, पिस्टन धरेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ब्रेकच्या लायनर, केबली आणि दोन्ही टायर नवे घातल्याशिवाय अंगणाच्या बाहेर काढायची नाही. टायर वरून चांगले दिसतील, तरी नको. इतक्या वर्षांत रबर वाळतं.

पार्ट लागले तर पुण्यात नाना पेठेत जाऊन ये. सोबत जुना भाग घेऊन जा, नुसतं नाव सांगून चालत नाही.

बार्शीचापाव्हणा

काका, खूप खूप आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं. आणि कागदांचं?

शाळामास्तर

कागदांचं मी सांगतो, आमच्या वडिलांच्या गाडीचं नुकतंच केलंय. मालक वारले असतील तर २९-३० नाही, फॉर्म ३१ लागतो. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं संमतीपत्र जोड. पंधरा वर्षं उलटलेली असल्यामुळे पुनर्नोंदणी करावी लागेल, त्यासाठी गाडी चालू स्थितीत तपासणीला न्यावी लागते. म्हणजे आधी गाडी, मग कागद. पर्यावरण कर आणि विमा धरून ठेव. नव्या पद्धतीची सुरक्षा नंबरप्लेटही लागेल, ती १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना बंधनकारक आहे. चेसिस नंबर (सांगाड्यावर कोरलेला) गंजला असेल तर घासताना जपून, तो वाचता आला पाहिजे.

मिरजकरीण

बाळा, दुधाचे कॅन लावायच्या कड्या अजून गाडीला असतील तर काढू नकोस हं.

बार्शीचापाव्हणा

आहेत ताई. नाही काढणार. आत्ता प्लग उघडलाय, टॉर्च लावून बघितलं तर आत लालसर दिसतंय. काका, हा सिलिंडरचा गंज का पिस्टनच्या डोक्यावरचा? फोटो टाकू का?

दहाअकरा

टाक. आणि डिझेल सोडायच्या आधी टाक.